गारोच्या वाटचं पाणी

सर्वपित्रीला घरात येणाऱ्याने आधी पाय धुवायचे आणि मग तोंड उघडायचं, असा सरिताचा शिरस्ता होता. पुष्करने पाय धुतले खरे, पण तोंड त्याने दारातच उघडलं होतं.

"आई, प्रणिता खरंच तिला घेऊन येतेय?"

"शिन-कोबेला उतरल्यासुद्धा दोघी. आता चढ चढतायत." सरिताने कढईतला वडा उलटला. "तो खाऊचा डबा बाहेरच ठेव. स्वयंपाकात आणू नकोस."

"आणि बाबा कॅमेऱ्यासमोर बोलणार?"

"ते त्यांना विचार. मला वडे आहेत."

विवेकराव बाल्कनीत कावळ्याचं पान मांडत होते. कावळ्यांना खायला घालू नये, अशी सूचना इमारतीच्या मॅनेजरने लिफ्टमध्ये लावली होती. विवेकराव ती दर वर्षी आदराने वाचत आणि दर वर्षी मोडत. किटानोच्या उतारावरचे कावळे आपल्याकडच्यांसारखे आढेवेढे घेत नाहीत. पान ठेवलं की आलेच. खाली सगळं बंदर उन्हात पसरलं होतं.

"बाबा, मी स्पष्ट बोलतो," पुष्कर म्हणाला. "एप्रिलमध्ये माझं इस्तंबूलचं पोस्टिंग आहे. प्रोजेक्ट हेड म्हणून. पलीकडची पार्टी तिथलं सरकारी खातं आहे. तुमच्या सुनेने, अक्षयाने, निशी-कसाईतली नोकरी सोडायची तयारी केलीय. आणि तुम्ही टोकियोतल्या खासदारांना दाखवायच्या व्हिडिओत बसून सांगणार, की तुर्कांनी अर्मेनियन लोकांचा वंशसंहार केला."

"मी असलं काही सांगणार नाही. मी नावं घेणार आहे."

"त्याच नावांना ते वंशसंहार म्हणणार ना!"

"मग काय म्हणायचं, तू सांग," विवेकराव शांतपणे म्हणाले.

पुष्करकडे उत्तर तयार होतं. शिंकान्सेन गाडीत तो तेच घोकत आला होता. युद्धात माणसं मेली हे कुणी नाकारत नाही. भांडण आहे ते एका शब्दाचं. तुर्कस्तानला तो शब्द मान्य नाही, बऱ्याच देशांना आहे, जपान सरकार तो वापरत नाही, आपलं भारत सरकारही वापरत नाही. एवढी मोठी मोठी सरकारं गप्प बसलेली असताना कोबेतल्या एका निवृत्त बँकवाल्याने त्यात का पडावं?

"शब्द मोठा की माणसं, ते तू ठरव," विवेकराव म्हणाले. "मला तर्पणाचं बघू दे."

*

या घराचं अवघं असणंच एका बाईमुळे होतं, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. विवेकरावांचे वडील श्रीहरी, म्हणजे अण्णा, एका मुंबईच्या कापडपेढीचे कारकून म्हणून युद्धाआधी कोबेला आले. शेजारच्या खोलीत लेस विणून पोट भरणारी एक एकटी अर्मेनियन बाई राहायची, सिरानुश. पहिल्या महायुद्धात ऑटोमन राज्यात तिच्या गावातल्या लोकांना घराबाहेर काढून वाळवंटाकडे चालवत नेलं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. ती कुणाकुणाच्या आधाराने व्लादिवोस्तोकला पोचली, तिथून योकोहामाला, आणि तिथे भूकंप झाल्यावर कोबेला. पुढे पंचेचाळीसच्या जूनमध्ये कोबेवर आगीचे बॉम्ब पडले, तेव्हा तिने अण्णांना जळत्या खोलीतून ओढून काढलं. तिने हात सोडला असता तर आज वडे तळायला इथे कुणी नसतं.

तिचं मागणं एकच होतं. माझ्या माणसांची नावं मी रोज रात्री घेते, माझ्यामागे ती कोण घेणार? अण्णा म्हणाले, मी घेईन. ते कर्मठ होते आणि बेरकीही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं, अशी आपल्यात सोय आहे. सिरामावशी गेल्यावर सर्वपित्रीला त्यांनी आपल्या पितरांना पाणी दिलं, आणि मग काश्यप गोत्र लावून सिरामावशीच्या आईबापांना, भावंडांना, काकाला, आजीला आणि शेवटी तिला स्वतःला. अण्णांनंतर विवेकराव तेच करत आले. वडील हयात असलेल्याने तर्पण करायचं नसतं, त्यामुळे पुष्करच्या वाट्याला नुसतं बाजूला बसून ऐकणं होतं. आणि पानात जिन्नस वाढताना खीर, वडे, आमसुलाच्या चटणीच्या शेजारी भात भरलेल्या द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या असत, कारण सिरामावशीने त्या विवेकरावांच्या आईला शिकवल्या होत्या. सरिताने त्यासाठी बाल्कनीत वेल लावला होता. कोबेत मिळतात त्या द्राक्षांवर तिचा विश्वास नव्हता.

*

नायरी चाळिशीतली होती, उंच, आणि दारात बूट काढताना थोडी घाबरलेली. त्सुकुबाला प्रणिताच्याच संस्थेत ती मातीवर संशोधन करत होती, आणि खासदारांसाठीचा तो व्हिडिओही तीच करत होती. जन्म ब्यूनोस आयरेसचा. जेवणाच्या सुट्टीत प्रणिता सहज म्हणाली होती, की आमच्या घरी श्राद्धाला अर्मेनियन नावं घेतात. नायरीच्या हातातला चमचा तसाच राहिला होता.

"पहिली दोनच सांगितली मी तिला," प्रणिता आईला म्हणाली. "बाकीची नको म्हणाली. बाबांच्या तोंडूनच ऐकायची म्हणे."

"दोनच? तुला तर सगळी पाठ होती," सरिता म्हणाली.

"मला नाही, दादाला! लपाछपीत राज्य कुणावर ते ठरवायला तो हीच नावं म्हणायचा. अण्णाआजोबांनी एकदा ऐकलं आणि काय धुतला होता त्याला."

पुष्कर कानापर्यंत लाल झाला. "मी सहा वर्षांचा होतो."

नायरीला हे भाषांतर करून सांगावं की नाही, ते प्रणिताला कळेना. तिने ते गाळलं.

विवेकराव आणि नायरी जपानीत बोलू लागले. त्यांचं जपानी अस्सल कोबेचं, गल्लीतलं, आणि तिचं पुस्तकी, त्यामुळे ती मधूनमधून हसायची. कॅमेरा अजून पिशवीतच होता. चहा झाल्यावर ती म्हणाली, "विवेक-सान, विधीच्या आधी एकदा मला ती नावं ऐकवाल? नुसतीच."

विवेकरावांनी डोळे मिटले. पाठ केलेलं म्हणताना ते नेहमीच डोळे मिटत.

"बेदरोस. हाइगानुश."

"हागोप," नायरी म्हणाली.

विवेकरावांनी डोळे उघडले. प्रणिताने कप खाली ठेवला.

"हागोप," विवेकराव सावकाश म्हणाले. "गारो."

या वेळी नायरी गप्प राहिली. तिने पुढे व्हा अशी मान हलवली.

"नेवार्त," ते म्हणाले, आणि ती त्यांच्याबरोबर म्हणू लागली, "आराक्सी, खाचिक, येघिसा."

बंदरात एका बोटीचा भोंगा वाजला. सरिता स्वयंपाकघराच्या दारात कालथा घेऊन उभी होती. परक्या मुलखातली ही बाई पहिल्यांदा घरात येते काय, आणि आपल्या देवघरापुढे चाळीस वर्षं ऐकलेली नावं ओळीने म्हणते काय.

"गारो माझे आजोबा," नायरी म्हणाली. "ते मेले नव्हते. रस्त्यात एका नदीपाशी घोड्यावरच्या माणसाने त्यांना उचलून नेलं."

"हो. मावशीच्या हातातून," विवेकराव म्हणाले. "तिने पाहिलं होतं ते."

"त्या माणसाने त्यांना मारलं नाही. घरी नेलं, पोटच्या पोरासारखं लपवून ठेवलं. तुर्कच होता तो. पुढे अनाथाश्रम, मग बोट. ब्यूनोस आयरेसला चपलाबुटांचं दुकान काढलं त्यांनी. चौऱ्याहत्तर साली वारले, घरी, झोपेत." ती थांबली. "ईस्टरला जेवणाआधी ते मेणबत्ती लावून नावं घ्यायचे, पुढे वडिलांनी ती मला शिकवली. हीच, याच क्रमाने. फक्त त्यांच्या यादीत गारो नव्हता. हागोपनंतर सिरानुश होती."

विवेकरावांना आधी नीट उमजेना. मग उमजलं. भाऊ बहिणीसाठी मेणबत्ती लावत होता, तेव्हा बहीण इथे शेजारच्या खोलीत लेस विणत बसलेली. बहीण रात्री भावाचं नाव मेलेल्यांत घेत होती, तेव्हा भाऊ पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी पायाचं माप घेत होता. दोघंही जिवंत, आणि दोघंही एकमेकांचं सुतक पाळणारी. लहानपणी सिरामावशी दुपारी त्यांना पोटाशी धरून झोपवायची, तेव्हाचा तिचा साबणाचा वास त्यांना आला. त्यांनी हात जोडले. कुणाला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

*

या शांततेत बोलायचं धाडस पुष्करला झालं, याबद्दल प्रणिता पुढे बरेच दिवस त्याच्यावर धुसफुसत होती. पण कुणीतरी ते बोलणारच होतं.

"म्हणजे एक नाव चुकीचं होतं," तो मराठीत म्हणाला. "बाबा, मी वाईटपणा घेतो, पण ऐका. आठ जणांत एक माणूस चांगला म्हातारा होऊन वारला. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. हा एक वाचला, तर बाकीचे मेले कशावरून? हरवले असतील. तुम्ही चित्रफितीत बसाल आणि त्यांच्याच हातात कोलीत द्याल."

"दादा, लाज वाटू दे," प्रणिता म्हणाली.

"लाज कसली? मी म्हणतोय ते खोटं आहे का?"

सगळ्यांना वाटलं, आता विवेकराव त्याला झापतील. पण ते उठले आणि देवघराकडे पाठ करून उभे राहिले.

"तो बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "नुसतं साक्षीचं नाही. अण्णांनी तर्पण सुरू केलं तेव्हा गारो चालताबोलता होता. दहा-बारा वर्षं आम्ही जिवंत माणसाला पाणी सोडलं. आपल्याकडे याहून अभद्र काही नाही. कॅमेरा नको, प्रणिता. तिला सांग, मला माफ कर."

प्रणिताने हे जपानीत सांगितलं. नायरीने पिशवीची चेन लावली. तिने आग्रह केला नाही, आणि त्यामुळेच प्रणिताला रडू आलं.

जिंकल्यासारखं तोंड करायचं पुष्करच्या मनात नव्हतं, पण ते तसं झालं असावं, कारण आईने त्याला आत बोलावलं.

*

स्वयंपाकघरात एका वेळी दीड माणूस मावायचा. सरिताने त्याच्या हातात वाढायची पळी दिली.

सकाळपर्यंत ती मुलाच्या बाजूने होती. त्याने या पोस्टिंगसाठी किती वर्षं वाट पाहिली, ते तिला माहीत होतं, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांसाठी आजच्या मुलाचं नुकसान का, असं तिने नवऱ्याला परवाच सुनावलं होतं.

"खीर ढवळ," ती म्हणाली. "खाली लागेल."

तो ढवळू लागला.

"गारो वाचला. बरोबर?"

"हो."

"म्हणून त्याची नात बेल वाजवून आत आली. चहा प्याली." तिने गॅस बारीक केला. "हागोपचं कोण आलं रे? नेवार्तचं? त्या तान्ह्या आराक्सीचं कोण यायचं होतं? मी या घरात आल्यापासून ही नावं ऐकतेय, आणि कध्धी, कुणीही आलं नाही. वाचले असते तर एखादं तरी आलं असतं, शोधत. ही बघ कशी आली."

पुष्कर खिरीत पळी फिरवत राहिला.

"तुझ्या वकिलाला सांग हे," सरिता म्हणाली. "आणि मी तुला इस्तंबूलला जाऊ नको म्हणत नाहीये. जा. तिथेच कुणीतरी त्या पोराला घरात लपवलं ना? चांगली माणसं असणारच तिथे. फक्त ही नावं गिळून जाऊ नकोस."

ती पदराला हात पुसत बाहेर गेली. पुष्करला तिचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"अहो, ते आता तरी वारलेत ना? मग झालं. आपलं पाणी जरा लवकर पोचलं, एवढंच. नाहीतरी या घरात सगळेच स्टेशनवर तासभर आधी जातात. बसा पाटावर. अपराह्णाची वेळ टळून जाईल."

विवेकराव हसले. "प्रणिता, तिला कॅमेरा काढायला सांग," ते म्हणाले.

*

त्यांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, बोटात दर्भाचं पवित्रक घातलं आणि दक्षिणेकडे तोंड करून बसले. समोर ताम्हन, तांब्या, काळे तीळ. नायरीने कॅमेरा छोट्या तिवईवर लावला आणि लाल ठिपका पेटवून बाजूला जमिनीवर बसली. पुष्कर खिरीची पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर.

आपल्या पितरांना पाणी सुटलं. अंगठ्याच्या बगलेतून तीळ आणि पाणी ताम्हनात पडत राहिलं. मग आवाज जरा बदलला, दर वर्षी बदलायचा तसा.

"काश्यपगोत्रं बेदरोसं तर्पयामि. काश्यपगोत्रां हाइगानुशं तर्पयामि. काश्यपगोत्रं हागोपं तर्पयामि."

पुढचं नाव गारोचं. मारल्या गेलेल्यांच्या ओळीत ते आता घ्यायचं नाही, हे त्यांनी पाटावर बसतानाच ठरवलं होतं. त्यांनी ते गाळलं. आणि त्याबरोबर पुढचं सगळं गेलं.

पाठांतर असंच असतं. एक कडी काढली की पुढची हाताला लागत नाही. त्यांनी पुन्हा बेदरोसपासून मनात सुरुवात केली, हागोपपर्यंत आले, आणि पुढे नुसता अंधार. तळहातावर घेतलेलं पाणी बोटांच्या फटीतून गळू लागलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. लाल ठिपका तसाच पेटलेला. ते घाबरले. मावशीने एकच गोष्ट मागितली होती.

नायरीला नावं माहीत होती. तिचे ओठही हलले. पण परक्याच्या विधीत बोलावं की नाही, या संकोचाने ती थांबली, आणि प्रणिताला नेवार्तच्या आधी की नंतर आराक्सी, ते आठवेना.

पुष्करला आठवत होतं. त्याला ते कधी विसरताच आलं नव्हतं. अंगणात भावंडांच्या छातीवर बोट आपटत म्हटलेली नावं. ज्याच्यावर येघिसा येईल, त्याच्यावर राज्य. एप्रिल त्याला दिसत होता, समोरचं टेबल, पलीकडची माणसं, कुणीतरी त्यांना पाठवलेला हा व्हिडिओ आणि त्यातला त्याचा आवाज. बाबांच्या हातातलं पाणी संपत आलं होतं.

"नेवार्त," तो म्हणाला.

विवेकरावांनी मागे पाहिलं नाही. त्यांनी नव्याने पाणी घेतलं. "काश्यपगोत्रां नेवार्तं तर्पयामि."

नायरीने पटकन कॅमेऱ्याकडे हात नेला. हा मुलगा यात यायला तयार नाही, हे तिला प्रणिताने सांगितलं होतं. बंद करू का, असं तिने नजरेनेच विचारलं. पुष्करने नको म्हणून मान हलवली. पळी खाली ठेवून तो आत आला आणि वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसला, चौकटीच्या आत.

"आराक्सी," तो म्हणाला.

पाणी पडलं.

"खाचिक."

पाणी पडलं.

"येघिसा."

मुलाने नाव घ्यायचं आणि बापाने पाणी द्यायचं, असं तर्पण कुठल्या पोथीत नव्हतं. पण अण्णांचं तरी कुठलं पोथीत होतं? सरिताने डोळ्यांना पदर लावला. प्रणिता दादाकडे असं पाहत होती, जसं तिने त्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. नायरी दोन्ही हात मांडीवर ठेवून निश्चल बसली होती, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही.

"सिरानुश," पुष्कर म्हणाला.

विवेकरावांनी तिचं पाणी सावकाश सोडलं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पवित्रक काढायला बोट वळवलं.

"बाबा, थांबा," पुष्कर म्हणाला. "एक राहिलं."

"कोण?"

"तिचा भाऊ. तिच्या शेजारीच घ्या. गारो."

विवेकरावांनी तांब्या पुन्हा उचलला.